फाट्यावरचे गाव : कासारवाडी आणि पुण्याची सरकती कड

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघालेल्या माणसाला कासारवाडीत वाट ठरवावी लागते. सरळ गेले तर पिंपरी, चिंचवड, निगडी, पुढे लोणावळा आणि मुंबई. उजवीकडे वळले तर भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर आणि नाशिक. या जागेला सगळे नाशिक फाटा म्हणतात. रोज हजारो माणसे इथे बस बदलतात, कंपनीच्या गाडीची वाट पाहतात, पुलाखाली रिक्षा शोधतात आणि निघून जातात. घरी फोनवर सांगताना त्यांच्या तोंडी ‘फाट्यावर उतरलोय’ एवढेच येते. ज्या गावात आपण उभे आहोत त्याचे नाव घेण्याची त्यांना गरज पडत नाही. फाट्याला नाव मिळाले ते दोनशे किलोमीटर दूरच्या शहराचे. मेट्रो आली तेव्हाही या फाट्यावरच्या स्थानकाला पहिले नाव दिले गेले ते काही किलोमीटर आत असलेल्या भोसरीचे.

नकाशावर कासारवाडी म्हणजे एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाची, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातल्या सीएमईची, विस्तीर्ण हद्द. दुसऱ्या अंगाला पवना नदी. मधून महामार्ग आणि लोहमार्ग जवळजवळ समांतर धावतात, आणि आता त्यांच्या जोडीला मेट्रोचे खांब. या सगळ्यातून जी जागा उरली तिथे घरे, चाळी, वर्कशॉप, हार्डवेअरची दुकाने, मंगल कार्यालये आणि कारखाने दाटीने बसले आहेत. इथे किल्ला नाही, प्रसिद्ध देवस्थान नाही, इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात जावी अशी लढाई झालेली नाही. शेजाऱ्यांकडे ते सारे आहे. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आणि चापेकर बंधूंचा वाडा आहे. भोसरीच्या परिसरातल्या प्राचीन शिलावर्तुळांची दखल जुन्या गॅझेटियरने घेतली आहे, आणि आज ते गाव पैलवानांसाठी ओळखले जाते. दापोडीला मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचे निवासस्थान होते. कासारवाडीकडे यातले काही नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी हे पुस्तक कासारवाडीपासून सुरू होते. मोठ्या शहराची कड कशी घडते हे पाहायचे असेल, तर जिथे स्मारकांनी दृष्टी अडत नाही अशी जागा हवी.

मराठीत शहरांवर लिहिण्याची परंपरा जुनी आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली आले. पाच वर्षांनी, १८६८ मध्ये, ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’. ही पुस्तके शहरावर प्रेम करणाऱ्या माणसांनी लिहिली. पेठा, वाडे, बाजार, देवळे, पाणीपुरवठा, माणसांच्या रीतीभाती असा त्यांचा पसारा आहे. त्यानंतर १८८५ च्या सुमारास पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर आले. त्याची नजर कारभाऱ्याची होती. कोणत्या गावात किती लोक, बाजार कोणत्या वारी, रस्ता कसा, जुने काय सापडते, हे राज्य चालवायला लागते म्हणून नोंदवलेले. तिसरी धारा गावाची. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ लिहिला आणि कुणबी, बलुतेदार, पाटील, कुलकर्णी यांच्या परस्परसंबंधांचे आतून चित्र उभे केले. शहराचे वर्णन वेशीपाशी थांबत असे आणि गावगाड्याचे लक्ष शहरापासून दूरच्या खेड्यावर असे. या दोन्हींच्या मधला पट्टा, जिथला माणूस सकाळी शेतावर आणि दुपारी शहरातल्या कामावर असतो, तो कुणाच्याच पुस्तकात नीट बसला नाही.

एक अपवाद मात्र असा आहे की त्यापाशी थांबायलाच हवे. तो घडला कासारवाडीच्या अगदी समोर, पवनेच्या पलीकडे.

पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर हे गाव अभ्यासासाठी निवडले आणि १९१७ साली ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतातल्या खेड्यांच्या शास्त्रीय पाहण्यांचा इतिहास सांगताना हे पुस्तक टाळता येत नाही. मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातली जमीन, तिचे तुकडे, विहिरी, पिके, कर्ज, जेवणखाण सगळे मोजले. जुन्या कागदांवरून त्यांनी दाखवले की १७७१ मध्ये या गावातल्या एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली आणि १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली. ‘शेतजमिनीचे तुकडे’ हा विषय पुढे कायदेमंडळात आणि अर्थशास्त्राच्या वर्गात अनेक दशके चर्चिला गेला, त्यामागे या छोट्या गावातली ही आकडेवारी आहे.

पण आजच्या वाचकाने त्या पुस्तकात आणखी एक गोष्ट पाहावी. बहुतेक कुटुंबांचे केवळ शेतीवर भागत नव्हते, आणि गावातली माणसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मजुरीला जात होती. तो कारखाना १८६९ पासूनचा. म्हणजे बजाज, टेल्को, एमआयडीसी यांतले काहीही नव्हते तेव्हाही पवनेकाठचे घर शेती आणि कारखाना अशा दोन पायांवर उभे होते. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवात सर्रास १९५० नंतरची सांगितली जाते. मॅन यांचे पुस्तक वाचल्यावर ती तारीख मागे न्यावी लागते. कारखाने १९५० नंतर आले हे खरे. कारखान्यावर जाणारा माणूस त्याआधीच इथे होता.

मॅन ज्या शिवारात फिरले तिथे आज उंच इमारतींच्या रांगा आहेत. नाशिक फाट्यावरचा दुमजली भारतरत्न जे. आर. डी. टाटा उड्डाणपूल महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडून त्याच दिशेला उतरतो आणि रस्ता पुढे वाकडकडे जातो. शंभर वर्षांत एकाच गावाचे इतके टोकाचे दोन नकाशे मिळावेत आणि त्यांतल्या पहिल्याची मोजणी इतकी काटेकोर असावी, हे भाग्य फार थोड्या ठिकाणांना लाभते. दुसऱ्या नकाशाची तशी मोजणी अजून कुणी केलेली नाही. या पुस्तकामागची एक प्रेरणा ती उणीव आहे.

मॅन यांच्यानंतर अभ्यासाचे केंद्र पुन्हा शहरात गेले. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले. घरोघर जाऊन उत्पन्न, व्यवसाय, स्थलांतर यांची नोंद करणारी ही पाहणी म्हणजे महाराष्ट्रातल्या नागरी अभ्यासाची पायाभरणी आहे, आणि तिची शिस्त अजूनही अनुकरणीय आहे. १९६३ मध्ये रिचर्ड लॅम्बर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे पुण्यातल्या पाच कारखान्यांतील कामगारांवरचे पुस्तक आले. कारखाना आला की समाज मुळापासून बदलतो, ही तेव्हाची ठाम समजूत त्यांना पुण्यात जशीच्या तशी आढळली नाही. १९६५ मध्ये इरावती कर्वे आणि जयंत रणदिवे यांनी फलटण आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश अभ्यासला. गाव आणि भोवतालची खेडी यांचा व्यवहार दोन्ही बाजूंनी पाहायचा असतो, हा धडा त्या अभ्यासाने घालून दिला. मीरा कोसंबी यांनी १९८० मध्ये मुंबई आणि पुणे यांची १६५० ते १९०० या काळातली जडणघडण शेजारी ठेवून तपासली. या सगळ्या ग्रंथांची नावे घेताना आदर वाटतो आणि एक गोष्ट खटकतेही : १९६० नंतर ज्या पट्ट्यात या जिल्ह्यातले सर्वांत मोठे स्थित्यंतर घडत होते, त्या पट्ट्याला यांत जागा अपुरी आहे.

ते स्थित्यंतर थोडक्यात सांगायला हवे, कारण पुस्तकातले सारे लेख त्याच्या आधारावर उभे आहेत.

पेशव्यांची राजधानी संपल्यावरही पुण्याचे राजधानीपण एका वेगळ्या रूपात टिकले. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम इथे असे. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास दापोडीचा बंगला सरकारसाठी घेतला आणि तिथे वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग धावू लागला. शहराच्या या बाजूला सत्तेने सुरुवातीपासून जागा घेतली ती मोठ्या तुकड्यांनी : खडकीची छावणी, दारूगोळ्याचा कारखाना, पुढे १९४० च्या दशकात सीएमई. कासारवाडीची पट्टी चिंचोळी का, याचे उत्तर या जमिनींच्या इतिहासात आहे. एका बाजूला ज्यावर नागरी वस्ती होऊच शकत नाही अशी लष्करी जमीन, दुसऱ्या बाजूला नदी. मधल्या पट्टीलाच सगळ्यांचे ओझे उचलावे लागले.

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तिथे पेनिसिलीन बनू लागले. लोकांनी तिचे नाव ‘एचए’ केले. कंपनी, वसाहत, शाळा, मैदान असे सगळे तिच्या नावाने ओळखले जाऊ लागले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीत आधीच वसली होती आणि तिचा बाजार उभा राहत होता. १९६० च्या आगेमागे आकुर्डीत बजाज आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच दशकात टेल्को आली. मुंबईतली जागा संपत होती आणि तिथे नव्या कारखान्यांवर बंधने येत होती. इकडे महामार्ग होता, रेल्वे होती, पाणी होते, सपाट जमीन होती आणि मुंबईचे बंदर एका दिवसाच्या अंतरात होते. कासारवाडीतही फोर्ब्स मार्शलचा वाफेच्या यंत्रसामग्रीचा कारखाना उभा राहिला आणि फाट्याजवळ केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था, म्हणजे सीआयआरटी, १९६७ पासून काम करू लागली. देशभरातल्या सरकारी बसगाड्यांचे तंत्र आणि कारभार सुधारण्यासाठीची संस्था एका फाट्यावर असावी, हे किती योग्य!

४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. त्यामागे अण्णासाहेब मगर यांची दूरदृष्टी होती. चार गावे एकत्र केली तर जकात एका ठिकाणी गोळा होईल आणि तिच्यातून रस्ते, पाणी, दवाखाने उभे करता येतील, असा तो साधा आणि मोठा विचार होता. १९७२ मध्ये कामगारांना घरे मिळावीत म्हणून नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली, आणि १९९७ मध्ये हद्द वाढून आणखी १८ गावे आत आली. १९७१ मध्ये लाखाच्या आत असलेली लोकसंख्या १९९१ मध्ये पाच लाखांच्या पुढे, २००१ मध्ये दहा लाख आणि २०११ च्या जनगणनेत १७ लाख २७ हजार झाली. वाढीचा हा वेग डोळ्यांपुढे आणायचा असेल तर एखाद्या शाळेचे हजेरीपट पाहावेत. एकाच वर्गात लातूर, उस्मानाबाद, जळगाव, सांगली, रत्नागिरी, गुलबर्गा, गोरखपूर इथली आडनावे शेजारी शेजारी येत गेली.

ही माणसे कशी आली, कुठे राहिली, हा या विषयाचा गाभा आहे आणि त्यावर इतरांनी फार घाईने लिहिले आहे. आधी एक जण येई. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून तर असे अनेक जण आले. गावाकडचा आधी आलेला कुणीतरी त्याला चाळीतल्या खोलीत आपल्या वळकटीशेजारी जागा देई. पाच-सहा जणांची एक खोली, शिफ्टप्रमाणे झोपणे, खानावळीचा डबा. टेम्पररीतून परमनंट झाला की लग्न, मग बायको-मुले, मग धाकटा भाऊ आयटीआयला. ‘परमनंट’ हा शब्द या पट्ट्यात स्थळ पाहताना विचारला जाई. ज्यांना तो मिळाला त्यांची मुले इंजिनिअर झाली. ज्यांना मिळाला नाही त्यांनी मशीनवरचे शिकून घेतलेले काम हाताशी धरून एखादे लेथ घेतले आणि जॉबवर्क सुरू केले. भोसरीच्या आणि कासारवाडीच्या गल्ल्यांतली शेकडो छोटी वर्कशॉप त्या लेथांवर उभी आहेत. मोठ्या कंपनीचा झगझगीत मोटारींचा ताफा पाहताना त्यातला एखादा बुश किंवा पिन इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार झाली आहे, हे सांगणारे कुणी नसते.

घरांचे काय? प्राधिकरणाने भूखंड आखले, पण माणसे त्यांच्यापेक्षा जास्त वेगाने आली. प्राधिकरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांची साडेबारा टक्के परताव्याची मागणी दशकानुदशके रेंगाळली. दुसरीकडे ज्या जमिनी गेल्या नव्हत्या त्यांचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पडले आणि कामगाराने आयुष्यभराची कमाई घालून त्यावर घर बांधले. मॅन यांनी नोंदवलेले तुकडे शेतीचे होते. हे तुकडे घरांचे झाले. परवानगी नव्हती म्हणून ही घरे अनधिकृत ठरली, त्यांच्यावर दुप्पट-तिप्पट शास्तीकर आला, आणि २०२३ मध्ये तो माफ होईपर्यंत प्रत्येक निवडणुकीत तोच मुद्दा राहिला. या प्रश्नावर नुसते ‘नियोजन फसले’ म्हणून पुढे जाणे अन्यायाचे आहे. ज्याला पगारातून परवडेल असे अधिकृत घर कुणी दिले नाही त्याने आपले घर आपण बांधले, आणि आज हे शहर ज्यांच्या श्रमावर उभे आहे त्यांतले असंख्य लोक अशाच घरांत राहतात. हे पुस्तक त्यांची बाजू मांडते, आणि ती मांडताना संकोच करत नाही.

कामगार चळवळीचा इतिहासही इथे आहेच. १९८९ चा टेल्कोतला संघर्ष आणि शनिवारवाड्यासमोरचे उपोषण यांवर बरेच लिहिले गेले आहे. एक तपशील मात्र नोंदवण्याजोगा आहे. पिंपरीतला तंटा जगासमोर मांडायला कामगार पुण्याच्या मधोमध, जुन्या राजधानीच्या दाराशी जाऊन बसले. कडेवर घडलेली गोष्ट केंद्रात नेल्याशिवाय ऐकली जात नाही, हा तेव्हाच्या कामगारांचा अनुभव होता.

पुढे ती कडही हलली. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा प्रकल्प सुरू झाला. २००७ मध्ये आकुर्डीतले उत्पादन थांबले. २००९ मध्ये फोक्सवॅगन चाकणला आली, पिंपरीत १९९५ पासून मोटारी जुळवणारी मर्सिडीज-बेंझही तिकडे गेली, पाठोपाठ महिंद्रा. ज्या चाकणचे नाव फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये लढवलेल्या संग्रामदुर्गामुळे आणि पुढे कांद्याच्या बाजारामुळे घेतले जात होते, ते मोटारींचे गाव झाले. पूर्वी सकाळची गर्दी पुण्याकडून पिंपरीकडे असे. आता ती फाट्यावर उजवीकडे वळू लागली. अमेरिकेत अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२५ मध्ये शिकागोवरून शहर एकाभोवती एक अशा वर्तुळांनी वाढते, असा सिद्धान्त मांडला होता. पुण्याच्या या बाजूला वर्तुळे शोधणाऱ्याची निराशा होईल. इथली वाढ रस्त्याच्या आणि रुळाच्या कडेने, लांबट पट्ट्यांनी झाली आहे, आणि दोन पट्टे जिथे जुळतात तिथे कासारवाडी आहे.

म्हणून कासारवाडीचा इतिहास मोठ्या प्रमाणात वाहनांचा इतिहास आहे. डेक्कन क्वीन १९३० पासून या रुळांवरून न थांबता जाते. ज्या गाडीने हे छोटे स्थानक खऱ्या अर्थाने वापरात आणले ती १९७८ मध्ये सुरू झालेली पुणे-लोणावळा लोकल. दापोडीनंतर कासारवाडी, मग पिंपरी; मावळातून येणारे दूधवाले, विद्यार्थी, घरकामाला जाणाऱ्या बाया, फर्स्ट शिफ्टचे कामगार तिच्यावर घड्याळ लावत आले. पीएमटी आणि पीसीएमटी अशा दोन शहरांच्या दोन बससेवा २००७ मध्ये एक झाल्या. २०१५ मध्ये नाशिक फाटा ते वाकड आणि २०१८ मध्ये दापोडी ते निगडी अशा बीआरटीच्या स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावली. १ ऑगस्ट २०२३ ला ती पुण्याच्या जिल्हा न्यायालयापर्यंत आणि २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत पोहोचली. वर्षातून एकदा या सगळ्या गाड्यांना बाजूला सारून याच रस्त्याने तुकोबांची पालखी जाते. आकुर्डीचा मुक्काम आटोपून एचए, कासारवाडी, दापोडी करत ती पुण्यात शिरते. त्या दिवशी कारखान्यांच्या फाटकांसमोर कामगार वारकऱ्यांना चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू देत उभे असतात. त्यांतल्या पुष्कळांचे आई-वडील गावाकडून दुसऱ्या एखाद्या दिंडीत चालत असतात.

वाटांबरोबर पाण्याचाही हिशेब मांडावा लागतो. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून शहराला दिले जाते. वापरलेले पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांपैकी एक कासारवाडीत नदीकाठी आहे. पवना इथून पुढे थोडेच अंतर जाऊन मुळेला मिळते. म्हणजे शहराने वापरलेली नदी कासारवाडीला शेवटी शेवटी भेटते, आणि तिची जी अवस्था तिथे दिसते ती वरच्या सगळ्या उपनगरांची एकत्र जमा आहे. धरणातून थेट बंद नळाने पाणी आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि योजना थांबली. या घटनेकडे पाहताना एक कटू वस्तुस्थिती मान्य करावी लागते. ज्या उपनगराच्या जमिनी आणि पाणी एकेकाळी मोठ्या शहराच्या गरजेसाठी गेले, तेच उपनगर मोठे झाल्यावर आपल्या पलीकडच्या गावांकडे त्याच हक्काने पाहू लागले.

या विषयाचा विचार आत्ताच करायचा तो कशासाठी? एक कारण सरळ समोर उभे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड हा ३० किलोमीटरचा, आठ पदरी उन्नत मार्ग मंजूर केला. अंदाजित खर्च ७,८२७ कोटी रुपये. रस्ता झाला की चाकणची वाहतूक जमिनीवरून उचलली जाईल. चाकणच्या कोंडीत रोज तास घालवणाऱ्या माणसाला तो हवाच आहे, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे. मात्र महामार्ग, २०१० च्या दशकातला दुमजली पूल, मेट्रोचा मार्ग आणि आता हा उन्नत मार्ग, असे प्रत्येक वेळी कासारवाडीच्या डोक्यावर किंवा अंगावरून काही ना काही गेले आहे, आणि त्या त्या वेळी इथल्या दुकानदारांना, भाडेकरूंना, फाट्यावर भाजी विकणाऱ्या बायांना काय झाले याची नोंद कुणी ठेवलेली नाही. या वेळी ती आधीपासून ठेवता येईल.

दुसरे कारण कारभाराचे आहे. ज्या जकातीच्या बळावर ही महापालिका श्रीमंत म्हणून गाजली ती जकात २०१३ मध्ये गेली. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले, २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले, आणि २०२१ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण विसर्जित झाले. शहर एकीकडे पुण्यापासून वेगळे होत आहे आणि दुसरीकडे महानगराच्या मोठ्या चौकटीत ओढले जात आहे. जानेवारी २०१६ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत एचएच्या मैदानावर भरले, तेव्हा ‘पुण्याजवळचे’ हे विशेषण न लावता शहराचे नाव घेतले गेले. ही एक साधीशी बाब, पण इथल्या माणसांना तिचे मोल ठाऊक आहे.

जगभरात कडेच्या गावांवर लिहिण्याची एक नवी रीत गेल्या काही दशकांत रुजली आहे. फ्रान्सवा मास्पेरो या फ्रेंच लेखकाने पॅरिसच्या उपनगरी रेल्वेच्या एकाच मार्गावर स्थानकामागून स्थानक उतरत, छायाचित्रकार आनाइक फ्रांत्स यांच्यासह प्रवास केला आणि १९९० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. ज्या स्थानकांची नावे पॅरिसकर रोज वाचत होते तिथे ते कधी उतरलेच नव्हते, हे त्या पुस्तकामुळे ध्यानात आले. या संग्रहाने त्या पद्धतीतून एक गोष्ट घेतली आहे : आधी उतरायचे, चालायचे, विचारायचे आणि मग कागदांकडे जायचे.

त्यामुळे वाचकाला इथे कासारवाडीचा सलग, शतकानुशतकांचा इतिहास मिळणार नाही. लेख वेगवेगळ्या वाटांनी आत शिरतात. कुठे जुन्या सात-बाऱ्यावरून एका शिवाराचे हात बदलणे दिसते, कुठे पगारपत्रकावरून एका पिढीचा संसार. कुठे लोकलचे वेळापत्रक, कुठे नदीची पूररेषा. आकडे आहेत, पण प्रत्येक आकड्याशेजारी तो ज्याच्या आयुष्यात उतरला असा माणूस उभा करण्याचा प्रयत्न आहे. पुणे या पुस्तकात सतत आहे, तरी मापाची पट्टी म्हणून नाही. कासारवाडी पुण्याइतकी सुसंस्कृत आहे का, पिंपरी-चिंचवडला पुण्यासारखा चेहरा आहे का, अशा प्रश्नांवर आजवर पुरेशी शाई खर्च झाली. पुण्याच्या घरांतला पंखा, ग्रामीण भागातली स्कूटर, सरकारी दवाखान्यातले इंजेक्शन जिथे तयार झाले त्या जागेचे वर्णन तिच्याच कामावरून व्हायला हवे, असा लेखकांचा आग्रह आहे.

काही गोष्टी पुस्तकाच्या कक्षेबाहेर राहिल्या आहेत. बायकांच्या कामाचा इतिहास, विशेषतः घरात बसून सुटे भाग जुळवणे, पॅकिंग करणे, शिवणकाम या कामांचा, अजून अपुरा आहे. उत्तर भारतातून आणि ओडिशा-झारखंडमधून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलेल्या कंत्राटी कामगारांच्या आठवणी त्यांच्या भाषांत गोळा व्हायला हव्यात. सीएमईच्या भिंतीपलीकडच्या जमिनीवर पूर्वी कुणाची शेते होती, हेही शोधण्याजोगे आहे.

त्यासाठी कागद लागतील, आणि ते घाईने गोळा करावे लागतील. एचए आणि टेल्कोच्या पहिल्या वर्षांत कामाला लागलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्या कपाटांत नेमणूकपत्रे, युनियनची पत्रके, सोसायटीच्या पहिल्या सभेची इतिवृत्ते, कंपनीच्या क्रीडादिनाचे फोटो, जुने पास, भाडेपावत्या आहेत. घर पुनर्विकासाला गेले की हा ऐवज रद्दीत जातो. शहरातल्या सार्वजनिक वाचनालयांनी, महाविद्यालयांनी आणि महापालिकेने मिळून त्याचे एखादे संग्रहालय उभे केले, निदान प्रत्येक कागदाची प्रत काढून ठेवली, तर पुढच्या अभ्यासकाला मॅन यांच्यासारखी मोजणी करता येईल. पुस्तकाच्या कामात ज्यांनी आपली कपाटे उघडून दिली त्यांनी कागदांच्या प्रती देण्याचीही तयारी दाखवली आहे.